आरंभीच्या छायाचित्रण-संस्था आणि परीक्षणाचा अधिकार : मुंबई व कलकत्ता, १८५४–१८६१

भारतातील छायाचित्रणाच्या इतिहासाचा विचार बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. छायाचित्रणाच्या निरनिराळ्या पद्धती या देशात केव्हा व कशा आल्या हे एक अंग. सरकारने त्यांचा उपयोग कोणकोणत्या कामी करून घेतला हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते. १८५४ ते १८५६ या अवधीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे हौशी छायाचित्रकारांच्या संस्था निघाल्या. त्यांच्या बैठकांतून सभासद आपण काढलेली चित्रे इतरांपुढे ठेवीत. इतर ती पाहत, दोष दाखवीत, कृती विचारीत व आपली सांगत. वरवर पाहता हा निरुपद्रवी करमणुकीचा व्यवहार होता. परंतु एकाच्या कामाला दुसऱ्याने नावे ठेवावीत हे ज्या व्यवहारात गृहीतच धरलेले असते, तो व्यवहार राज्यकर्ते व प्रजा यांच्यामध्ये घडू लागला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. मुंबईत तो काही वर्षे निभला. कलकत्त्यात १८५७ मध्ये मोडला. या दोन घटनांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘हौशी’ हा शब्द येथे प्रथम तपासून घेतला पाहिजे. आज तो कसबी किंवा धंदेवाईक या शब्दाच्या विरुद्ध, काहीसा कमीपणा दाखविणारा असा वापरला जातो. १८५० च्या सुमारास स्थिती उलट होती. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने कागदी निगेटिव्हच्या आपल्या पद्धतीचे पेटंट १८४१ मध्ये घेतले होते. स्कॉटलंडला ते लागू नव्हते, म्हणून एडिंबरोमध्ये चाळिशीच्या दशकातच काही वकील व विद्वान मंडळींनी मिळून एक क्लब काढला व परस्परांची चित्रे वह्यांत चिकटवून ठेवली. लंडनला अशी मोकळीक मिळावयास १८५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टॅल्बटने इतर सर्वांसाठी आपला हक्क सोडून दिला, परंतु पैसे घेऊन व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांवर मात्र तो कायम ठेवला. म्हणजे हौशी आणि धंदेवाईक हा भेद केवळ प्रतिष्ठेचा नव्हता, तो काही काळ कायद्याचा भेद होता. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८५३ मध्ये, लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक तिचे पहिले अध्यक्ष व रॉजर फेंटन हे चिटणीस होते.

या सोसायटीच्या अगदी आरंभीच्या बैठकांतच एक वाद उद्भवला. लघुचित्रकार सर विल्यम न्यूटन यांनी असे मत मांडले की, कलेच्या दृष्टीने चित्र किंचित अस्पष्ट ठेवणे इष्ट असते. प्रत्येक पान नि प्रत्येक वीट रेखीव दिसलीच पाहिजे असे नाही. रेखीवपणा हेच ज्या साधनाचे सामर्थ्य, त्याच्या उपासकांना हे मत रुचण्यासारखे नव्हते. ‘चांगले चित्र’ म्हणजे काय, हा प्रश्न संस्थेच्या जन्माबरोबरच जन्मला हे येथे ध्यानात घ्यावयाचे. सभासदांपैकी काहींनी १८५५ मध्ये छायाचित्रांच्या अदलाबदलीसाठी निराळे लहान मंडळ काढले. प्रत्येकाने आपल्या चित्राच्या प्रती इतरांस द्यावयाच्या व त्यासोबत चित्र कोणत्या पद्धतीने काढले, प्रकाश किती वेळ दिला, कोणते भिंग वापरले याचा तपशील द्यावयाचा, असा त्यांचा परिपाठ होता. कृती झाकून ठेवणे हा धंद्याचा धर्म. ती उघड करणे हा हौशी माणसाचा. चिकित्सा शक्य झाली ती या उघडेपणामुळे. कृती ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याला फार तर आवडनिवड सांगता येते, दोषाचे कारण सांगता येत नाही.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑक्टोबर १८५४ मध्ये, म्हणजे लंडनच्या संस्थेनंतर दोन वर्षांच्या आतच, स्थापन झाली. जानेवारी १८५५ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले. सभासदांत लष्करी अधिकारी, डॉक्टर, मुलकी नोकर व व्यापारी यांचा भरणा होता. एतद्देशीय सभासद थोडे होते, परंतु जे होते ते नामांकित होते. पेडणे महालातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावे त्यांत प्रामुख्याने घ्यावी लागतात. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. भाऊ दाजी तर त्या कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले.

डॉक्टरी विद्या व छायाचित्रण यांचा येथे जमलेला योग केवळ आकस्मिक मानता येत नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने मार्च १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली व तिचे पेटंट घेतले नाही. हे कलोडियन म्हणजे ईथर व अल्कोहोल यांत विरघळविलेला बंदुकी कापूस. १८४८ पासून डॉक्टर मंडळी ते जखमेवर लावण्याकरिता वापरीत होती. सिल्व्हर नायट्रेटही औषधालयातलेच. ही द्रव्ये ज्यांच्या रोजच्या हाताळणीतली होती त्यांना काचेवरचा डाग पाहून तो कशाने पडला हे ओळखणे, मद्रास वा बंगालच्या तोफखान्यातील कप्तानापेक्षा कठीण जाण्याचे कारण नव्हते. किंबहुना सोपेच जाणार. बैठकीत नारायण दाजींसारख्या सभासदाचे मत ग्राह्य ठरण्यास ही एक भक्कम भूमी होती, आणि ती राज्यकर्त्यांच्या कृपेवर अवलंबून नव्हती.

त्यातही या देशातील हवामानाने छायाचित्रणाची रासायनिक बाजू अत्यंत महत्त्वाची करून ठेवली होती. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. वैशाख महिन्यात काचेवर कलोडियन ओतता ओतताच ते सुकू लागे. आणि ओली असतानाच काच सिल्व्हरच्या द्रावणात बुडविणे, कॅमेऱ्यात घालणे, प्रकाश देणे व चित्र उमटविणे हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. एरवी सारा खटाटोप फुकट. विहिरीच्या पाण्यातील क्षार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात गेले की ते दुधाळ होई. धुळीचा प्रत्येक कण निगेटिव्हवर टाचणीच्या भोकासारखा उमटे. या अडचणींमुळे इंग्लंडमध्ये मागे पडत चाललेल्या कागदी पद्धती हिंदुस्थानात टिकून राहिल्या. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने प्रचारात आणलेली मेणकागदाची पद्धत प्रवासी मंडळींच्या विशेष पसंतीस उतरली, कारण मेण दिलेला कागद आधी तयार करून ठेवून काही दिवसांनी वापरता येई व चित्रही सवडीने उमटविता येई. चित्रातील बारकावा त्यामुळे थोडा कमी होई, पण मुक्कामाच्या गावापासून दूर असलेल्या लेण्यापाशी रसायनांचा तंबू उभारावा लागत नसे.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. कागदावर उतरविलेली चित्रे पिवळी पडून फिकटत असत. लंडनच्या सोसायटीने १८५५ मध्ये या दोषाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली व तिच्या खर्चासाठी प्रिन्स अल्बर्ट यांनी ५० पौंड दिले. चित्र पक्के करण्यासाठी वापरलेला हायपो पुरेसा धुऊन न काढणे हे एक मुख्य कारण समितीने दाखविले. दमटपणाने हा बिघाड लवकर होतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नसतो. तेव्हा बैठकीत ठेवलेल्या चित्राकडे पाहताना ते किती सुंदर आहे याच्या जोडीला ते किती दिवस राहील हाही प्रश्न उभाच असे. त्या काळच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकांत द्रावणांची प्रमाणे व कृतींच्या चर्चा यांनीच बहुतेक पाने व्यापलेली दिसतात. आजच्या वाचकाला ते रुक्ष वाटते. पण याच रुक्षपणात समतेला जागा मिळाली होती. रचना, भाव, सौंदर्य या विषयांवर बोलणे निघाले असते तर रॅफेल किंवा टर्नर ज्याने पाहिला आहे तोच बोलू शकला असता. सिल्व्हरच्या द्रावणाला मात्र इटलीचा प्रवास लागत नाही.

मुंबईत या विद्येचा प्रसार संस्थेपुरता मर्यादित राहिला नाही. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत रँपार्ट रो येथे आपला स्टुडिओ काढला. धंदा म्हणून छायाचित्रण करणाऱ्या आरंभीच्या भारतीयांत त्यांची गणना होते. नारायण दाजी १८५७ ते १८६१ या काळात सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. ही वर्षे कोणती हे सांगावयास नको. उत्तरेत उठाव पेटलेला व मोडला जात असताना आणि दोन्ही समाजांतील दरी रुंदावत असताना, मुंबईत एक एतद्देशीय डॉक्टर युरोपियनांच्या बरोबरीने त्या मंडळात होता. भाऊ दाजी राजकारणापासून अलिप्त होते म्हणून हे चालले असेही म्हणता येत नाही. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते व कंपनीच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज करणाऱ्यांत त्यांची गणना होत असे.

संस्थेच्या आश्रयाने निघालेल्या एका प्रकाशनाचा उल्लेख येथे अवश्य आहे. ‘इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक आल्बम’ ही चित्रमाला विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात काढली. प्रत्येक अंकात तीन मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत व सोबत वर्णनपर मजकूर असे. नाव हौशी मंडळींचे. पण दोघेही संपादक छायाचित्रे विकणारे होते आणि बरीचशी चित्रेही त्यांचीच होती. इंग्लंडमध्ये पेटंटने आखलेली रेषा येथे सुरुवातीपासूनच पुसट होती. पुढे जॉन्सनने यांतील पुष्कळ चित्रे घेऊन मुंबईतील निरनिराळ्या जाती व जमाती यांवरील आपला ग्रंथ दोन भागांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. त्यात माणसांची चित्रे एका निगेटिव्हवरून व पार्श्वभूमी दुसऱ्यावरून घेऊन जोडलेली आहेत. अशा जोडचित्रांच्या खरेखोटेपणावर लंडनमध्ये १८५७ पासून, रेलँडरच्या चित्रापासून, कडाक्याचा वाद चालू होता. परंतु तो वाद कलाचित्रांविषयीचा. जातिजमातींचा पुरावा म्हणून मांडलेल्या चित्रांना तीच कसोटी लावावी असे वाद घालणाऱ्यांना सुचलेले दिसत नाही. आणि ज्यांची चित्रे काढली गेली ते कोळी, वाणी, फकीर वगैरे लोक परीक्षकांच्या मेजापाशी कधीच नव्हते. समतेची मर्यादा येथे स्पष्ट होते. ती छायाचित्र काढणाऱ्यांपुरती होती.

आता कलकत्त्याकडे वळावयाचे. तेथील फोटोग्राफिक सोसायटी जानेवारी १८५६ मध्ये स्थापन झाली. तिच्या थोड्या एतद्देशीय सभासदांत राजेंद्रलाल मित्र हे एक होते. एशियाटिक सोसायटीत साहाय्यक म्हणून प्रवेश केलेला हा विद्वान पुढे भारतीय पुरातत्त्वाचा एक आधारस्तंभ झाला, हे सर्वश्रुत आहे. छायाचित्रण-संस्थेतही ते केवळ नावाचे सभासद नव्हते. खजिनदार म्हणून संस्थेचे काम त्यांनी पाहिले.

मुफस्सल भागातील ब्रिटिश प्रजाजनांनाही तेथील फौजदारी न्यायालयांच्या अधिकाराखाली आणावे, असा प्रयत्न कायदेमंडळात १८४९ मध्ये झाला होता. युरोपियनांनी त्याला ‘काळा कायदा’ असे नाव देऊन तो हाणून पाडला. १८५७ मध्ये तशाच स्वरूपाचे विधेयक पुन्हा पुढे आले. त्याच्या पाठिंब्यासाठी एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भरलेल्या सभेत मित्र यांनी भाषण केले व मुफस्सलात येऊन राहिलेल्या मळेवाल्या साहसी गोऱ्यांविषयी कडक शब्द वापरले. नीळमळेवाल्यांच्या जुलमांची बंगालमध्ये तेव्हा सर्वत्र चर्चा होती. तीनच वर्षांनी ‘नीलदर्पण’ नाटक निघाले. मित्र यांचे शब्द युरोपियन समाजाला झोंबले. छायाचित्रण-संस्थेतील युरोपियन सभासदांनी त्यांना संस्थेतून काढून टाकण्याची मागणी केली व त्याच वर्षी ती अमलात आली.

त्यांच्या चित्रांविषयी किंवा संस्थेतील कामाविषयी तक्रार नव्हती. टाउन हॉलमधील भाषणाचा छायाचित्रणाशी काडीचा संबंध नव्हता. तरीही संस्थेला ते भाषण असह्य झाले याचे कारण शोधले असता ते त्या विधेयकाच्या आशयातच सापडते. एतद्देशीय न्यायाधीशाने गोऱ्या माणसाचा न्याय करावा की नाही, हा तेथे प्रश्न होता. छायाचित्रण-संस्थेच्या प्रत्येक बैठकीत एतद्देशीय सभासद गोऱ्या सभासदाच्या कामाचा न्याय करीतच होता, किंवा निदान करू शकत होता. तो अधिकार काचेच्या व कागदाच्या तुकड्यापुरता आहे, असे उभयपक्षी धरून चालल्यामुळेच तो चालू शकला होता. मित्र यांनी ते गृहीत मोडले. निदान त्यांच्या सहकाऱ्यांना ते मोडलेसे वाटले.

याच एप्रिल महिन्यात लंडनच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये छायाचित्रणावरील एक प्रदीर्घ निबंध निनावी प्रसिद्ध झाला. लेखिका होत्या लेडी एलिझाबेथ ईस्टलेक, म्हणजे लंडन संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नी. भिन्न पेशांच्या व भिन्न दर्जांच्या माणसांना या छंदाने एकत्र आणले आहे, छायाचित्रकारांचे जणू एक प्रजासत्ताकच निर्माण झाले आहे व त्यात बंधुत्व मिळण्यास छायाचित्रकार असणे एवढेच पुरते, अशा आशयाचे उद्‌गार त्या निबंधात आहेत. लंडनपुरते ते खोटे नसेलही. कलकत्त्यात त्या प्रजासत्ताकाचा एक नागरिक त्याच वर्षी हद्दपार झाला.

मुंबईत असे का घडले नाही? मुंबईच्या युरोपियनांची वृत्ती अधिक उदार होती, हे उत्तर सोयीचे आहे. पण ते तपासल्याशिवाय स्वीकारू नये. मुंबई इलाख्यात बंगालसारखा नीळमळेवाल्यांचा वर्ग नव्हता, त्यामुळे मुफस्सल न्यायालयांच्या प्रश्नाला येथे तितकी धार नव्हती. शिवाय मुंबईच्या सार्वजनिक जीवनात पारशी, भाटिया, गुजराती शेटियांचा पैसा इतका गुंतलेला होता की त्यांना वगळून कोणतीही संस्था उभी राहणे कठीण होते. भाऊ दाजींच्या राजकारणाने छायाचित्रण-संस्थेतील कोणाच्या वर्मी घाव घातला नाही. घातला असता तर काय झाले असते, हे सांगणे शक्य नाही. सहिष्णुतेची कसोटी लागलीच नाही, एवढे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

शेटियांच्या पैशाचा एक परिणाम येथे लक्षात घ्यावयास हवा, कारण त्याने मुंबई व कलकत्ता या दोन्ही कथा एका ठिकाणी येऊन मिळतात. मुंबई सरकारने १८५५ मध्ये तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे आदी ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. त्यांना लष्करी कामावर परत बोलाविल्यानंतर ते काम डॉ. विल्यम हॅरी पिगू यांच्याकडे गेले. या चित्रांचे भव्य ग्रंथ १८६६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले व त्यांच्या खर्चासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी द्रव्य दिले. त्या ग्रंथांतील वास्तुविषयक टिपणे जेम्स फर्गसन यांची आहेत. फर्गसन यांना भारत सोडून तोवर बरीच वर्षे लोटली होती. लंडनमध्ये बसून शेकडो छायाचित्रे एकाशेजारी एक मांडावीत व शैलींवरून वास्तूंचा काळ ठरवावा, अशी त्यांची पद्धती होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी भारतीय वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा संग्रहही जमविला. हौशी मंडळींच्या मेजावरील चित्र असे विद्वानाच्या मेजावर गेले. तेथे ते पाहण्याचा अधिकार आता एकट्याचा होता. शेजारी बसून दोष दाखविणारे कोणी नव्हते.

ही उणीव भरून काढली ती राजेंद्रलाल मित्र यांनी. ओरिसाच्या प्राचीन वास्तूंवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८७५ मध्ये व दुसरा १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. १८७८ मध्ये बुद्धगयेवरील ग्रंथ निघाला. भारतीयांना दगडी बांधकामाची कला परक्यांकडून उशिरा मिळाली, या फर्गसन यांच्या मताचा त्यांनी प्रतिवाद केला. फर्गसन यांनी १८८४ मध्ये एक स्वतंत्र पुस्तक लिहून उत्तर दिले व पुस्तकाच्या नावातच मित्र यांचा उल्लेख केला. वाद स्तंभ, कमानी व लेण्यांचा. परंतु फर्गसन यांनी त्यात इल्बर्ट बिलाचा विषय आणला. एतद्देशीय न्यायाधीशांना युरोपियनांचे फौजदारी खटले चालविण्याचा अधिकार असावा की नसावा, यावर १८८३ मध्ये जे वादळ उठले होते तेच हे बिल. ज्यांची विद्वत्ता आपल्याला अशी उथळ दिसते, त्यांच्या हाती युरोपियनांचा न्याय कसा सोपवावा, असा फर्गसन यांच्या म्हणण्याचा रोख होता. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावरून मित्र यांना छायाचित्रण-संस्थेबाहेर जावे लागले होते तोच हा प्रश्न. फरक एवढाच की १८५७ मध्ये न्यायालयाच्या प्रश्नावरून त्यांचे चित्रांच्या मेजावरील स्थान गेले, आणि १८८४ मध्ये वास्तूंच्या परीक्षणावरून त्यांच्या देशबांधवांची न्यायासनावरील पात्रता नाकारली गेली. फर्गसन यांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही, या ठिकाणी त्यांनी पुराव्याची मर्यादा सोडली असे म्हणणे भाग आहे.

पुढच्या वर्षी, १८८५ मध्ये, मित्र एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलचे अध्यक्ष झाले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले भारतीय होत.